मैदानातील आवाजाची किंमत

फुटबॉलच्या सामन्याचे तिकीट काढणारा प्रेक्षक नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न वरकरणी बाळबोध वाटेल. नव्वद मिनिटांचा खेळ, हे त्याचे सोपे उत्तर आहे. परंतु केवळ खेळच पाहायचा असेल तर तो आज घरबसल्या दूरचित्रवाणीवर अधिक जवळून, अधिक स्पष्ट आणि जवळजवळ फुकट दिसतो. तरीही माणूस उन्हातान्हात रांग लावून मैदानावर जातो तो तेथील वातावरणासाठी. हजारो माणसे एकाच क्षणी श्वास रोखून धरतात आणि एकाच क्षणी ओरडून उठतात, त्यांत आपणही असावे अशी त्याची इच्छा असते. गंमत अशी की हे वातावरण संयोजक तयार करीत नाहीत, प्रेक्षकच ते तयार करतात. ज्या मालासाठी प्रेक्षक पैसे मोजतो, त्या मालाचा उत्पादकही तोच असतो.

कोणत्या प्रेक्षकाला कोठे बसवावे आणि त्याच्याकडून किती पैसे घ्यावेत, हे दोन निर्णय हिशेबाच्या वहीतले समजले जातात. पण वरील गोष्ट मान्य केली तर हे निर्णय मालाची प्रतच ठरवणारे आहेत. आपल्या देशातील बहुतेक क्रीडांगणे महानगरपालिका, राज्य शासन किंवा एखादा सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीची आहेत आणि सार्वजनिक पैशांतून उभी राहिली आहेत. म्हणून हा विषय जितका क्रीडारसिकांचा, तितकाच प्रशासनाचाही आहे.

अर्थशास्त्राने या प्रकाराची दखल बरीच आधी घेतली होती. १९५० साली हार्वी लायबेनस्टाइन यांनी दाखवून दिले की काही वस्तूंची मागणी केवळ किमतीवर अवलंबून नसते. इतर किती जणांना ती वस्तू हवी आहे, यावरही ती अवलंबून असते. पुढे १९९१ साली गॅरी बेकर यांनी एक साधे कोडे मांडले. एका खानावळीबाहेर रोज रांग लागते आणि समोरची तशीच खानावळ रिकामी असते, तर मग रांगवाला मालक दर का वाढवत नाही? त्यांचे उत्तर असे की रांग हीच त्या खानावळीच्या आकर्षणाचा भाग आहे. दर थोडा जास्त वाढला आणि रांग मोडली, तर मागणी थोडी घटून थांबणार नाही, ती कोसळेल. नाटके आणि खेळांचे सामने यांनाही त्यांनी हाच न्याय लावला होता. मैदान भरलेले असणे हा तिकिटाच्या मूल्याचा एक घटक आहे, असा याचा व्यावहारिक अर्थ.

याचा पुरावा करोनाच्या साथीने आपोआप पुरवला. १६ मे २०२० रोजी जर्मनीची बुंडेसलीगा स्पर्धा रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. खेळाडू तेच, नियम तेच, चेंडूही तोच. तरी पाहणाऱ्यांना सामना अळणी वाटू लागला आणि प्रक्षेपण करणाऱ्यांना ध्वनिमुद्रित गलका त्यात मिसळावा लागला. आपल्याकडे त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आयपीएलमध्येही तोच उपाय योजावा लागला. त्या काळातील सामन्यांच्या अनेक अभ्यासांतून असेही दिसले की यजमान संघाला घरच्या मैदानाचा जो लाभ मिळतो तो प्रेक्षकांविना घटला आणि पाहुण्या संघाला पंचांकडून मिळणारी शिक्षेची कार्डे कमी झाली. म्हणजे गॅलरीतला आवाज हा खेळाचा अलंकार नसून त्याचा एक अवयव आहे.

महाराष्ट्रात याचे जिवंत उदाहरण पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तेथील शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या स्पर्धा होतात. तेथील संघ कोणा उद्योगपतीने विकत घेतलेले नाहीत. ते पेठांचे आणि तालमींचे आहेत: पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. ज्या तालमीच्या आखाड्यात आजोबा उतरले, तिच्याच नावाने नातू फुटबॉल खेळतो. बसायला सिमेंटच्या पायऱ्या आणि तिकीट सामान्य माणसाच्या खिशाला झेपणारे. एका पेठेची माणसे एकत्र येतात आणि एकत्र बसतात. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच शहराचा. खेळाडू घडतो तो प्रशिक्षणामुळे हे खरे. पण लहान मुलाला चेंडूच्या मागे धावावेसे वाटते ते भरलेल्या गॅलरीमुळे.

कोल्हापूरच्या या चित्राची दुसरी बाजूही आहे. तेथे हुल्लडबाजी झाली आहे, दगडफेक झाली आहे, पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे. यावरून अनेक जण एक सोयीचा निष्कर्ष काढतात की स्वस्त तिकिटाने दांडगे लोक येतात, म्हणून दर वाढवावेत. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या दिवशी दोन्ही संघांचे पाठीराखे एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. तेथे उणीव होती ती आसनव्यवस्थेची आणि बंदोबस्ताची. वेगळ्या गॅलऱ्या, वेगळी प्रवेशद्वारे, मोजून दिलेला प्रवेश आणि मोकळे जिने हे शिस्तीचे उपाय आहेत. दर वाढवल्याने प्रेक्षक शिस्तबद्ध होतो असे नाही, फक्त दुसरा प्रेक्षक येतो.

तो दुसरा प्रेक्षक येतो तेव्हा काय होते, याचा मोठा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्याने सामना पाहण्याच्या, कुंपणाने बंद केलेल्या भागात चेंगराचेंगरी झाली आणि अखेरीस ९७ माणसे दगावली. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला. मोठ्या क्लबांच्या मैदानांवर प्रत्येकाला बसण्याची जागा असावी, ही त्यातील प्रमुख शिफारस होती आणि शासनाने वरच्या दोन श्रेणींसाठी ती सक्तीची केली. परंतु त्याच अहवालात न्यायमूर्तींनी असेही म्हटले होते की, उभ्याने सामना पाहणाऱ्या गरीब प्रेक्षकाला परवडेल असा आसनाचा दर ठेवणे शक्य आहे. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण त्यांनी दिले होते. तेथे उभ्याने पाहण्याचे ४ पौंड आणि आसनाचे ६ पौंड पडत. शिफारशीचा पहिला भाग अमलात आला, दुसरा विस्मरणात गेला. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिकिटांचे दर चढतच गेले. आसने आली ती सुरक्षेच्या नावाने, दरवाढ आली ती आसनांच्या पाठीवर बसून. प्रशासनात काम केलेल्या वाचकांना हा प्रकार परिचित असेल. अहवालातील खर्चिक शिफारस मान्य होते, पण तिला जोडलेली गरिबाच्या हिताची अट फाइलीतच राहते.

यातून आवाज का घटतो, हेही समजून घेतले पाहिजे. गाणे, टाळी, आरोळी या गोष्टी एकट्याने होत नाहीत. दहा जण एकत्र असले तर अकरावा त्यांच्यात सूर मिसळतो. तेच दहा जण दहा ठिकाणी विखुरले तर प्रत्येक जण संकोचाने गप्प बसतो. जागा मोकळी असते तेव्हा माणसे आपापल्या सोबत्यांबरोबर जमतात. क्रमांकित आसनांवर मात्र शेजारी कोण असेल हे तिकीटखिडकी ठरवते. त्यात दर वाढला की तरुण मुले पहिल्यांदा गळतात, आणि मैदानात आवाजाची सुरुवात बहुधा तीच करतात. पैसे देऊ शकणारा प्रेक्षक वाईट नसतो. तो वयाने मोठा असतो, शांतपणे खेळ पाहतो, आणि तसे पाहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण सगळेच तसे आले तर सगळे जण ज्याच्यासाठी आले, तेच तेथे नसते.

लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ६ फेब्रुवारी २०१६ रोजी हे उघडपणे दिसले. नव्या गॅलरीतील सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरले होते. त्याच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक ७७व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. त्या वेळी लिव्हरपूल सुंदरलंडविरुद्ध २-० ने पुढे होते. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. त्यानंतरच्या हंगामापासून प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा ३० पौंड ठरवली, आणि २०२२ पासून सुरक्षित कठडे लावून उभ्याने सामना पाहण्याची मुभाही तेथे परत आली.

जर्मनीने मात्र वेगळा मार्ग धरला होता. डॉर्टमुंडच्या मैदानात सुमारे ८१ हजार प्रेक्षक मावतात आणि त्यांतील सुमारे २५ हजार एकट्या दक्षिण गॅलरीत उभे राहतात. ही जागा कोपऱ्यात नाही, गोलच्या थेट मागे आहे, आणि तिचे तिकीट आसनांच्या मानाने बरेच स्वस्त आहे. हा दानधर्म नव्हे. उरलेले प्रेक्षक आणि जगभर दूरचित्रवाणीवर पाहणारे लोक त्या दक्षिण गॅलरीसाठीच पैसे मोजतात. स्वस्त तिकिटावरचा तोटा महाग तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून भरून निघतो. तेथील नियमानुसार क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांकडे राहते, त्यामुळे हा हिशेब मालकाला विसरताही येत नाही.

आपल्याकडची परिस्थिती मात्र वेगळीच आहे. युरोपात प्रेक्षक दराने बाहेर पडतो, आपल्याकडे तो बहुधा पासाने बाहेर पडतो. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. नूतनीकरणानंतर तेथील क्षमता सुमारे ३३ हजारांवर आली होती. त्यांपैकी सर्वसामान्यांसाठी खुल्या विक्रीला ठेवलेली तिकिटे होती फक्त ४ हजार. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद आणि इतर हक्कदार यांच्यासाठी राखीव होती. योगायोग असा की हे स्टेडियम जन्मालाच आले ते तिकिटांच्या वाटपावरून. ब्रेबॉर्न स्टेडियमचे मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वाट्याला येणाऱ्या जागांवरून वाद झाला, आणि तत्कालीन विधानसभाध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे स्टेडियम उभारण्याचा पण केला. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला.

आमच्या मध्य प्रदेशातील उदाहरण तर अधिक बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलेल्या क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेनुसार ९० टक्के तिकिटे खुल्या विक्रीला ठेवणे बंधनकारक झाले आणि मोफत पास १० टक्क्यांवर आले. त्या उरलेल्या १० टक्क्यांत मंडळाचा वाटा किती आणि राज्य संघटनेचा किती, यावर एकमत झाले नाही. परिणामी २४ ऑक्टोबर २०१८ चा भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवरून विशाखापट्टणमला गेला. विराट कोहलीने त्या सामन्यात एकदिवसीय क्रिकेटमधील १० हजार धावांचा टप्पा ओलांडला आणि सामना बरोबरीत सुटला. इंदूरकर प्रेक्षकांनी तो घरी बसून पाहिला. तिकीट काढून येणाऱ्या ९० टक्क्यांचा सामना फुकट येणाऱ्या १० टक्क्यांपायी गेला.

पासाचे हे माहात्म्य लहान गावांतही तेवढेच आहे. सेवेतील एका मुक्कामी मी स्थानिक फुटबॉल स्पर्धेच्या नियोजन बैठकीस हजर होतो. दीड तासाच्या चर्चेतील एक तास मान्यवरांच्या सोफ्यांवर खर्च झाला. किती सोफे, कोणत्या रांगेत, पांढरी झालर असावी की नसावी. सोफे मैदानाच्या अगदी कडेला, मध्यरेषेवर मांडण्यात आले. त्यांच्या मागे शामियान्याचे खांब आणि त्या खांबांच्या मागे तिकीट काढलेली जनता. मध्यंतरात भाषणे झाली, मान्यवर निघून गेले आणि उत्तरार्ध रिकाम्या सोफ्यांसमोर खेळला गेला. असा अनुभव बहुतेक वाचकांच्या गाठीशी असेल. त्याचे भव्य रूप १३ डिसेंबर २०२५ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जगाने पाहिले. हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांना मेस्सी धड दिसलाच नाही, कारण त्याच्याभोवती मान्यवरांचा गराडा होता. तो लवकर निघून गेला आणि संतापलेल्या प्रेक्षकांनी खुर्च्या उखडल्या. तोडफोडीचे समर्थन करता येणार नाही. परंतु त्या खुर्च्यांवरून दिसायला काय हवे होते, याचा विचारही संयोजकांनी आधी करायला हवा होता.

मग सर्वांना फुकट सोडावे काय? नाही. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या वेळी ११ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. प्रवेश मोफत आहे की पासाने, याबद्दल गोंधळ होता आणि क्षमतेच्या कितीतरी पट लोक दारांशी जमले होते. अल्प दराचे तिकीट गर्दी मोजण्याचे साधन असते. ते कोठे संपले हे कळते, दार कधी बंद करायचे हे ठरवता येते.

स्वस्त तिकिटांचा काळाबाजार होईल, हा आक्षेप मात्र रास्त आहे. बाजारभावापेक्षा कमी किंमत ठेवली की मधल्या मध्ये दलाल उभा राहतो, हे अर्थशास्त्राचे पहिलेच पुस्तक शिकवते. परंतु दलालाला विकता येते ते क्रमांकित आणि दुर्मिळ तिकीट. शाळा, तालमी आणि स्थानिक क्लब यांच्यामार्फत नावानिशी दिलेला हंगामी पास, किंवा सामन्याच्याच दिवशी खिडकीवर माणशी एक याप्रमाणे मिळणारे बिनक्रमांकाचे तिकीट, यांत दलालाला फारसा वाव राहत नाही. शिवाय आपल्याकडील बहुतेक फुटबॉल सामन्यांची अडचण रिकाम्या गॅलऱ्यांची आहे. १ जून २०१८ रोजी मुंबईतील अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा पराभव केला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना मैदानावर येण्याची विनवणी केली आणि ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना भरगच्च मैदानात झाला. राष्ट्रीय कर्णधाराला दर वेळी अशी विनवणी करायला लावणे हे धोरण होऊ शकत नाही.

तिकिटावर छापलेला दर हीच प्रेक्षकाची सगळी किंमत नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. आम्हा जबलपूरकरांचे जुने राजधानीचे शहर नागपूर. तेथे सिव्हिल लाइन्समधील मैदान सोडून क्रिकेट वर्धा मार्गावरील जामठ्याला गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला, तो सौरव गांगुलीचा अखेरचा कसोटी सामना होता. तरीही गॅलऱ्या ओस होत्या. जाण्यायेण्याचा वेळ आणि भाडे हेही तिकिटातच धरावे लागते.

या दृष्टीने आमचे जबलपूर सुदैवी आहे. राइट टाउनमधील पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाचे स्टेडियम भर वस्तीत आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, वाहन निर्माणी आणि रेल्वे यांच्या वसाहतींत कित्येक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि खेळाची आवड त्या वसाहतींच्या मैदानांवरच जोपासली गेली. येथे किंवा अशा कोणत्याही शहरात सार्वजनिक स्टेडियम भाड्याने देताना करारात पुढील अटी घालाव्यात, असे मला वाटते.

१. किमान एक तृतीयांश जागा सर्वात कमी दराच्या असाव्यात. त्या सलग आणि गोलच्या मागे असाव्यात. उरलेले कोपरे स्वस्त म्हणून देऊ नयेत.

२. मोफत पास १० टक्क्यांहून अधिक नसावेत आणि ते कोणाला दिले याची यादी फलकावर लावावी. मान्यवरांची व्यवस्था इतरांच्या दृष्टीआड येणार नाही अशीच असावी.

३. दोन्ही संघांच्या पाठीराख्यांना वेगळ्या गॅलऱ्या आणि वेगळी प्रवेशद्वारे द्यावीत. स्वस्त गॅलरीची क्षमता अग्निशमन अधिकाऱ्यांच्या दाखल्याने ठरवावी आणि दारावर प्रत्यक्ष मोजणी व्हावी.

४. मान्यताप्राप्त क्रीडासामन्यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. या सवलतीचा लाभ प्रेक्षकालाच मिळेल, असे दरपत्रक आधी मंजूर करून घ्यावे.

५. प्रत्येक सामन्यानंतर कोणत्या दराची किती तिकिटे विकली गेली, हे जाहीर करावे. पुढच्या वर्षीचे दर अंदाजाने न ठरता अनुभवाने ठरतील.

यांपैकी कोणत्याही अटीला नवा कायदा लागत नाही, फार पैसाही लागत नाही. भाडेकराराच्या नमुन्यात एक पान वाढवावे लागेल, एवढेच. महसुलाची काळजी वाहणाऱ्या सहकाऱ्यांना मी इतकेच सांगेन की रिकामी खुर्ची कितीही महाग ठरवली तरी तिचे उत्पन्न शून्यच असते, आणि मुकी गॅलरी पाहायला दुसऱ्यांदा कोणी येत नाही. आपण परगावी राहणारी मराठी माणसे गणेशोत्सव आणि नाटके वर्गणीच्या बळावर उभी करतो. तेथे पहिल्या रांगेतल्या देणगीदाराइतकेच मागे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या मुलांचेही मोल असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सार्वजनिक मैदानाचा व्यवहारही याच समजुतीवर चालावा, एवढीच अपेक्षा आहे.